चेहऱ्याचा दाह आणि पाठीची साक्ष

हातापायांवरचे इसब वस्त्राखाली झाकता येते. चेहऱ्यावरचा दाह झाकता येत नाही. तोंडावरील लाली, सूज व खाज ज्याला त्याला दिसते आणि जो तो तिचे कारण सांगू लागतो. कोणी उष्णतेला दोष देतो, कोणी रक्त बिघडले म्हणतो. रोगी ताटातील एकेक पदार्थ वर्ज्य करतो. दाह मात्र राहतोच. तर्काच्या जागी पुरावा आणणारी एक परीक्षा वैद्यकाला लाभली, तिचा इतिहास सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक आहे.

1895 साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे जर्मन त्वचारोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. तीत ब्रेस्लाउचे प्राध्यापक योझेफ याडासोन यांनी आपले निरीक्षण मांडले. पाऱ्याच्या औषधाने ज्याच्या अंगावर पुरळ उठत असे, त्याच्या त्वचेवर पाऱ्याचा लेप मुद्दाम लावून पाहिला असता तेवढ्याच जागी दाह उत्पन्न होई. इतरांना निरुपद्रवी असलेला पदार्थ एखाद्याच्याच त्वचेचा वैरी होतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले. 'ॲलर्जी' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो व्हिएन्नाच्या पिर्के यांनी 1906 मध्ये दिला.

पुढे स्वित्झर्लंडमध्ये ब्रूनो ब्लोख यांनी या परीक्षेला पद्धतशीर रूप दिले, आणि 1939 मध्ये कोपनहेगनच्या पोल बोनव्ही यांनी नित्य तपासावयाच्या पदार्थांची यादी प्रसिद्ध केली. 'पॅच टेस्ट' आजही त्याच वाटेने चालते. संशयित पदार्थ सौम्य प्रमाणात लहान पट्ट्यांखाली पाठीवर ठेवतात, दोन दिवसांनी काढतात, आणि ती जागा तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. हा विलंब व्यर्थ नव्हे. अशी ॲलर्जी पेशींच्या द्वारे घडते, असे लँडस्टायनर व चेस यांनी 1942 मध्ये गिनिपिगांवरील प्रयोगांनी दाखविले. आणि त्या पेशींना जागेवर जमण्यास वेळ लागतो.

पाठीची ही साक्ष पुष्कळदा अनपेक्षित असते. पापण्या सुजाव्यात आणि कारण निघावे नखांच्या रंगात. कपाळ चुरचुरावे आणि दोषी ठरावा केसांचा कलप!

परंतु जो पदार्थ यादीतच नाही, त्याच्याविषयी पाठ तरी काय सांगणार? याचे उदाहरण पुण्याचे आहे. अमेरिका खंडातून आलेल्या गाजर गवताची पुण्यातील शास्त्रीय नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली. हे तण माळरानांवर व शेतांत झपाट्याने पसरले. त्याचे सुके कण वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसत. कित्येकांचे चेहरे, पापण्या व माना सुजू लागल्या, त्वचा जाड व काळसर होऊ लागली. युरोपातील यादी कितीही काटेकोर असली, तरी तीत हे तण कोठून असणार? 1974 मध्ये लोणकर, मिचेल व कॅल्नन यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. आज भारतीय चाचणी-यादीत गाजर गवताला स्थान आहे.

कारण कळले म्हणून शेतकऱ्याला शेत सोडता येत नाही, हे खरे. परंतु त्याचे नाहक पथ्य थांबते. अंग झाकावे, तण फुलण्यापूर्वीच उपटवून घ्यावे आणि ते काम स्वतः करू नये, हे त्याला उमगते. ही परीक्षा तज्ज्ञाच्या हातूनच व्हावी, आणि तिचा निकाल रोग्याच्या नित्य व्यवहाराशी ताडून पाहावा. साक्ष त्वचेचीच घ्यावी. मात्र तिला विचारावयाचे प्रश्न रोग्याच्या गावचे व त्याच्या कामाचे असावेत.