सटवाई हसवते तेव्हा

तान्हे बाळ भर दुपारी पाळण्यात झोपेतच हसले, की आपल्याकडची आजी म्हणते, 'सटवाई हसवते आहे.' थोड्या वेळाने तेच बाळ तोंड वेडेवाकडे करते, कण्हते, हातपाय झाडते. मग मात्र सटवाईचा विसर पडतो आणि 'उठले' म्हणून कोणीतरी त्याला उचलून घेते. आम्हीही आपापल्या घरी हेच केले आहे.

बाळ खरोखर उठलेले असते का? याचे उत्तर शिकागो विद्यापीठात जवळजवळ अपघातानेच मिळाले. १९५०च्या सुमारास तिथे युजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली काम करू लागला. बाळे झोपी जाताना पापण्यांची उघडझाप कशी थांबते, हे त्याने पाहायचे होते. काम कंटाळवाणे, बाळाशेजारी बसून नुसते बघायचे आणि लिहायचे. त्यातून, पापणी हलली की तिच्याआडचे बुबुळ, हेच ओळखता येईना. अखेर डोळ्यांची दिसेल ती हालचाल टिपायची असे त्याने ठरवले. तेव्हा लक्षात आले, की तासाभरात वीसेक मिनिटे डोळे अगदी शांत असतात आणि मग पुन्हा हलू लागतात! झोप म्हणजे मेंदूची निव्वळ विश्रांती, असे मानण्याचा तो काळ होता.

मोठ्या माणसांतील अशा झोपेवरचा दोघांचा प्रसिद्ध निबंध १९५३ साली आला. जिथून सुरुवात झाली त्या बाळांवरचा मात्र १९५५ साली. पुढे १९६६ मध्ये रॉफवार्ग, मुझिओ आणि डिमेंट यांनी दाखवले, की नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप याच प्रकारची असते. म्हणजे पाळण्यात चुळबुळणारे बाळ पुष्कळदा झोपलेलेच असते. उचलून आपणच त्याला उठवतो. मिनिटभर थांबून पाहावे. भुकेने रडू लागले, तर अर्थात घ्यावेच.

'दिवसा झोपते आणि रात्री जागते,' ही दुसरी तक्रार. क्लाइटमन आणि एंगेलमन यांनी १९ बाळांच्या झोपेच्या तिसऱ्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच्या नोंदी १९५३ साली छापल्या. सुरुवातीला दिवसरात्र विखुरलेली झोप हळूहळू रात्रीकडे सरकते, असे त्यांत दिसले. या सरकण्याला उजेडाची मदत होते. म्हणून दिवसा खिडक्या बंद करून घर चिडीचूप ठेवण्याची गरज नाही. रात्री मात्र दिवा मंद असावा. त्या नोंदींतल्या एका बाळाला भूक लागेल तेव्हा दूध मिळे आणि हवे तेव्हा झोपू दिले जाई. काही आठवडे त्याचा 'दिवस' २४ तासांहून मोठा होता, आणि त्याची झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकत होती. त्या घरच्या रात्री कशा गेल्या असतील, हे कोणत्याही आईला सांगावे लागणार नाही.