'रेट काय?' विचारणाऱ्याला क्लायंट कसं बनवायचं? फ्रीलान्सरसाठी माझा अनुभव

मी सांगलीत राहून घरूनच ग्राफिक डिझाईनची कामं करतो. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, इन्स्टाग्रामच्या पोस्ट, पाकिटांची लेबलं असं सगळं. काम मागणारे जवळपास सगळे इन्स्टाग्राम नाहीतर व्हॉट्सॲपवरूनच येतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं, एवढे मेसेज येतायत म्हणजे धंदा चाललाय. घरीही तसंच सांगायचो. पण महिनाअखेरीला खातं बघितलं तर लॅपटॉपचा हप्तासुद्धा निघत नव्हता. चौकशी करणारे भरपूर, पैसे देणारे चार-दोन. म्हणून आजच्या लेखात आपण बघणार आहोत की ऑनलाईन आलेली चौकशी पैसे मिळेपर्यंत कशी न्यायची आणि मध्ये ती कुठे गळते.

पहिला मेसेज आणि त्याचं उत्तर

बहुतेक चौकशा 'रेट काय?' नाहीतर 'लोगो कितीला?' अशाच सुरू होतात. मी लगेच उत्तर द्यायचो, "१५०० सर." दोन निळ्या टिक यायच्या आणि माणूस गायब. मला वाटायचं रेट जास्त झाला. मग १००० केला, पुढे ७०० केला. तरी तेच!

नंतर कळलं की समोरच्याला दुसरं काय विचारायचं हेच माहीत नसतं, म्हणून तो रेट विचारतो. आपण नुसता आकडा पाठवला की त्याच्यासाठी बोलणं संपलं. तो पुढच्या चार जणांना तोच मेसेज पाठवतो आणि सगळ्यात लहान आकड्याकडे जातो.

एक खरं उदाहरण सांगतो. एका ताईंचा इन्स्टाग्रामवर मेसेज आला, "लोगोचे किती घेता?" मी या वेळी आकडा न सांगता विचारलं, "ताई, लोगो कुठे वापरणार? फक्त पेजवर, की कशावर छापायचाय?" त्या म्हणाल्या, घरगुती मसाले विकायला सुरू करतेय, पाऊचवर लावायचाय. मी विचारलं, पाऊच किती ग्रॅमचे? लेबलवर अजून काय-काय टाकायचं ठरलंय? तेव्हा समजलं की त्यांनी फक्त नावाचा विचार केला होता. खाण्याच्या वस्तूच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर लागतो, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह लागतं, शिवाय घटक पदार्थ, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच आणि तारीख यांना जागा सोडावी लागते. हे सांगितल्यावर त्यांनी सरळ फोनच केला. काम लोगोचं राहिलंच नाही, ते तीन मसाल्यांच्या लेबलांचं झालं. १५०० च्या जागी ६००० ठरले आणि त्यांनी घासाघीस केली नाही.

यात मी कुठलीही विक्रीची युक्ती वापरली नव्हती. त्यांना खरंच काय हवंय ते विचारलं, एवढंच. तुम्ही व्हिडिओ एडिटिंग करा, कंटेंट लिहा नाहीतर वेबसाईट बनवा, रेट सांगायच्या आधी तीन गोष्टी विचाराच: हे कुठे वापरणार, कधीपर्यंत हवंय आणि शेवटचा निर्णय कोण घेणार. तिसरा प्रश्न विचित्र वाटतो, पण सगळं पसंत झाल्यावर 'आता भाऊंना दाखवतो' असं ऐकलेल्यांना तो लगेच कळेल.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये काय सेट करायचं

हे ॲप फुकट आहे. फक्त एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेस ॲपवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून कामासाठी दुसरं सिम घेतलेलं बरं. मी त्यातल्या तीनच गोष्टी रोज वापरतो.

क्विक रिप्लाय सगळ्यात कामाचा. वरचे तीन प्रश्न एकदा टाईप करून सेव्ह करा. मग चॅटमध्ये तिरकी रेघ दिली की तो मेसेज समोर येतो. मात्र पाठवायच्या आधी त्यात समोरच्याचं नाव आणि त्याच्या कामाचा उल्लेख टाका, नाहीतर मशीन बोलतंय असं वाटतं. लेबलमध्ये मी 'चौकशी', 'रेट पाठवला', 'ॲडव्हान्स आला' आणि 'पैसे बाकी' अशा चार पट्ट्या केल्यात. रात्री झोपताना 'रेट पाठवला' उघडलं की कोणाला परत मेसेज करायचा ते कळतं. तिसरा ग्रीटिंग मेसेज. नवीन माणसाला तो आपोआप जातो. मी आधी त्यात अख्खं रेटकार्ड टाकलं होतं, ती चूक होती. आता एकच ओळ आहे: मेसेज मिळाला, संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर देतो. आणि ७ पर्यंत देतोच.

रेट कसा पाठवायचा

रेट पाठवताना त्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, ते लिहून पाठवा. फोनवर ठरलं तरी नंतर व्हॉट्सॲपवर लिहाच. माझा मेसेज साधारण असा असतो: "३ लेबलं, ६००० रुपये. पहिल्या लेबलचे २ नमुने दाखवीन, त्यातला एक निवडायचा. बदल २ वेळा. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाचे ३०० वेगळे. छपाईची पीडीएफ आणि कोरलड्रॉची फाईल देईन. छपाईचा खर्च यात नाही. ३००० ॲडव्हान्स आल्यापासून ६ दिवस."

बदल किती वेळा, हे लिहिलं नाही तर 'फक्त तो लाल रंग जरा उठावदार करा ना' म्हणत काम दोन महिने चालतं.

जाता जाता, डिझाईनवाल्यांसाठी एक. मराठी मजकुराची फाईल फ्लेक्सवाल्याला देताना फाँट कर्व्ह करूनच द्या. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि बोर्डवर भलतंच छापून येतं. शिव्या आपल्याला पडतात.

ॲडव्हान्स, आणि माझे बुडालेले पैसे

एका दिवाळीत ओळखीतल्या एका दुकानाच्या १२ पोस्ट केल्या. ॲडव्हान्स मागायची लाज वाटली, कारण मालक वडिलांच्या ओळखीचे. वॉटरमार्क न टाकता पूर्ण साईजच्या फाईल पाठवल्या. पोस्ट पडल्या, लोकांनी लाईक केल्या. पैशाचं विचारलं की उत्तर यायचं, "अरे, आम्ही कुठे पळून चाललोय का?" पळून कोणीच गेलं नाही, पण पैसेही आले नाहीत. वडिलांना मध्ये घालायचं नाही म्हणून मी विषय सोडला. आठ दिवसांची रात्रपाळी फुकट गेली.

तेव्हापासून अर्धी रक्कम आधी. नातेवाईक असले तरी, ओळखीचे असले तर नक्कीच. नमुना लहान साईजमध्ये, वॉटरमार्क टाकून. मूळ फाईल बाकी पैसे आल्यावर. 'आधी एक करून दाखवा, मग बघू' म्हणणाऱ्याला मी जुन्या कामाचे फोटो पाठवतो. फुकट नमुना देत नाही.

यूपीआयवर पैसे घेताना सावध राहा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल' असं कोणी म्हणालं, मग तो स्वतःला लष्करातला अधिकारी सांगत असला तरी, समजा फसवणूक आहे. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवरही विश्वास ठेवू नका, आपलं खातं उघडून बघा. 'चुकून जास्त गेले, परत पाठवा' हा फोन आला तरी आधी खातंच बघायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

उत्तर आलं नाही तर

रेट पाठवल्यावर दोन दिवसांनी मी एक मेसेज करतो, मग आठवड्याने आणखी एक. 'काय ठरलं?' असं विचारलं की माणूस टाळतो. त्यापेक्षा त्याच्या उपयोगाचं काहीतरी पाठवा, म्हणजे त्याच्यासारख्याच दुकानाचं केलेलं काम, किंवा 'गणपतीच्या आधी छपाईवाल्यांकडे गर्दी होते, या आठवड्यात ठरलं तर वेळेत मिळेल' असं, पण खरं असेल तरच. दोन मेसेजनंतर थांबायचं.

कंपनीचं काम आलं तर

कंपन्या बऱ्याचदा ॲडव्हान्स देत नाहीत. तिथे बिल आणि पॅन लागतं, आणि टीडीएस कापला जातो. व्यावसायिक सेवेची फी धरली तर १० टक्के. हे पैसे बुडत नाहीत, फॉर्म २६एएसमध्ये दिसतात आणि रिटर्न भरताना हिशोबात येतात. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावू नका.

उद्यम नोंदणी मात्र करून ठेवा, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याजही मागता येतं. मी बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि या मुदतीची एक ओळ लिहितो. एका कंपनीच्या अकाउंट्सवाल्या मॅडमनी ती वाचून फोन केला होता, "व्याज लावू नका हं, सोमवारी सोडते." सोमवारी नाही, पण बुधवारी आले.