कुंडलिकेत मुळेचं पाणी

आटपाडीच्या माणसानं होडीवर लिहावं, हा विनोदच. आमच्या माणगंगेत वर्षातले बरेच महिने वाळू असते. तरी घरच्या पोरांच्या हट्टापायी एका उन्हाळ्यात कोलाडला गेलो आणि पन्नाशी उलटल्यावर हेल्मेट चढवून, हाती वल्हं धरून कुंडलिकेत राफ्टिंग केलं. दोन्ही काठांना झाडी, मधूनच पाण्याचा दणका. मजा आली, खोटं कशाला बोलू?

पण भर उन्हाळ्यात एवढं पाणी कुठून? आणि सगळ्या होड्या सकाळीच का सुटतात? नावाडी म्हणाला, "काका, वरनं पाणी सोडलं की नदी. बंद केलं की नुसते दगड."

हे वरचं पाणी मुळात कुंडलिकेचं नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, मुळा-निळेच्या संगमाशी, टाटांनी मुळशीचं धरण बांधलं. पूर्वेकडे जाणारं पाणी वळवून सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. १९२७ मध्ये ते वीजघर सुरू झालं. वीज मुंबईला गेली, पाणी कुंडलिकेला.

त्यासाठी मावळातली भातखाचरं बुडाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. बापटांना 'सेनापती' केलं ते याच लढ्यानं. विनायकराव भुस्कुटेही पुढे होते. राजेंद्र व्होरांच्या अभ्यासातला मला बोचलेला भाग वेगळाच आहे: पुण्यातल्या सावकार-जमीनमालकांचं लक्ष वाढीव मोबदल्याकडे होतं, कसणाऱ्या मावळ्याला जमीनच हवी होती. लढा आतूनच फाटला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली.

आता नकाशा पाहा. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेला. त्याच भीमेला पंढरपूरच्या खाली, सरकोलीजवळ आमची माण मिळते. म्हणजे ते पाणी आटपाडीला मिळालं असतं असं नव्हे. संगम आमच्या खाली आहे, पाणी उलटं चढत नाही. पण भीमाकाठच्या दुष्काळी गावांचा त्यावर हक्क होताच.

आणि उलटं चढवायचंच तर काय लागतं, हे आम्हाला टेंभू योजनेनं शिकवलं. कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून आमच्याकडे आणतात ते विजेच्या पंपांवर. तिकडे पाणी पाडून वीज करतात, इकडे वीज जाळून पाणी चढवतात.

होडी काठाला लागली तेव्हा ऊन चढलं होतं. पोरं फोटो काढत होती. मी मागं वळून पाहिलं. मघाशी बुडालेले दगड एकेक करून वर येत होते.