नजर तपासणारा माणूस

मंडळी, पूर्वी गावोगाव वैदू सुईने मोतीबिंदू मागे ढकलीत. चार दिवस दिसे. पुढे पुष्कळदा डोळाच जाई! शस्त्रक्रिया सुधारली, पण नंबर काढायला शिकलेली माणसे कुठे होती? त्यासाठी १९५८ साली अलीगढ व हैदराबाद येथे दृष्टिमापनाच्या शाळा निघाल्या. १९७६ मध्ये अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. कायद्याची मोहर मात्र २०२१ ची. उशीरच म्हणायचा.

बारामती-इंदापूरच्या गुरुजींनो, फळा न दिसणारे पोर ‘ढ’ ठरते नि उसाच्या फडात जाते. सहा मीटरांवर तक्ता लावा, एकेक डोळा झाकून वाचवून घ्या. अडखळले, तर पालकांना बोलवा. अन् विज्ञान घेऊन बारावी होणाऱ्या मुलामुलींना या पदवीची वाट सांगा. डॉक्टरकीखेरीज वाट नाही, असे त्यांना वाटते.