हनिमूनच्या प्लॅनमधलं ‘अस्पर्श’ जंगल : कोस्टा रिकाच्या निमित्ताने साधन-चिकित्सा

हनिमूनसाठी कोस्टा रिकाचा प्लॅन मागवला, तर तो बहुतेक वेळा एकाच साच्यातला येतो. सान होसेला उतरायचं. आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी ला फोर्तुना गावात दोन-तीन रात्री, गरम पाण्याची कुंडं, एक धबधबा. मग वर मोन्तेवेर्देच्या मेघवनात झिपलाइन, झुलते पूल आणि नशीब असेल तर केत्साल पक्षी. शेवटी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर मान्वेल आन्तोनिओ, किंवा जोडप्याला जरा जास्त धाडस हवं असेल तर ओसा द्वीपकल्पावरचं कोर्कोवादो. या सगळ्यावर एक शब्द हमखास चिकटवलेला असतो : ‘अस्पर्श’. अस्पर्श निसर्ग, अस्पर्श जंगल, अस्पर्श किनारा.

मी विज्ञान शाखेची. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात जे शिकावं लागतं, ते इतिहासकार साधन-चिकित्सा या नावाने फार आधीपासून करत आलेत : समोरचा कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्यात काय गाळलं, हे विचारणं. जाहिरातीचा कागदसुद्धा एक साधनच. म्हणून आज आपण या प्लॅनमधल्या प्रत्येक मुक्कामाला एकच प्रश्न विचारू : हे असं कधीपासून आहे?

मोन्तेवेर्दे : दूधवाल्यांनी राखलेलं जंगल

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात क्वेकर पंथाच्या चार तरुणांना तुरुंगात टाकलं गेलं, कारण त्यांनी लष्करभरतीसाठी नाव नोंदवायला नकार दिला होता. हा पंथ युद्धाच्या पूर्ण विरोधात. सुटल्यावर त्यांच्या समाजातली काही कुटुंबं सैन्य नसलेल्या देशाच्या शोधात निघाली. कोस्टा रिकाने १९४८ च्या डिसेंबरात आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. १९५१ मध्ये ही मंडळी तिलारान डोंगररांगेत जमीन घेऊन राहिली आणि जागेला नाव दिलं मोन्तेवेर्दे, म्हणजे हिरवा डोंगर.

ते आले होते गुरं पाळायला आणि चीज बनवायला. त्यासाठी त्यांनी जंगल तोडलंही. मात्र डोंगरमाथ्याचा भाग त्यांनी हात न लावता ठेवला, कारण गावाचे ओढे तिथून येत होते. यात रोमँटिक काही नव्हतं, साधा पाण्याचा हिशेब होता. पुढे पक्ष्यांचा अभ्यास करायला आलेला जॉर्ज पॉवेल हा विद्यार्थी आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनी क्वेकर शेतकरी विल्फर्ड गिंडन यांना सोबत घेतलं, आणि १९७२ मध्ये इथलं मेघवन राखीव क्षेत्र उभं राहिलं. म्हणजे आज जोडपी ज्या धुक्यात फोटो काढतात, ते धुकं असलेलं जंगल टिकलं ते लष्करभरतीला दिलेल्या नकारामुळे, दुधाच्या धंद्यामुळे आणि एका विद्यार्थ्याच्या फील्डवर्कमुळे.

झिपलाइनची गोष्टही प्रयोगशाळेच्या जवळचीच आहे. १९७० च्या दशकात डोनाल्ड पेरी हा तरुण जीवशास्त्रज्ञ ला सेल्वा या संशोधन केंद्रात काम करत होता. उष्ण कटिबंधातल्या जंगलाचं निम्मं जग पन्नासेक मीटर वर, झाडांच्या शेंड्यांत असतं, पण तिथे पोचायचं कसं? पेरीने क्रॉसबोने फांद्यांवरून दोर टाकून वर चढण्याची आणि झाडांमध्ये फिरण्याची पद्धत बसवली. दोर वापरणारा तो काही पहिलाच नव्हता, गिर्यारोहकांचं तंत्र त्याच्या आधीपासून होतंच. तरीही त्याच्यासारख्यांच्या कामामुळे शेंड्यांवरून जंगल बघण्याची कल्पना रुजली. धंदेवाईक झिपलाइन १९९० च्या दशकातली. त्यामुळे तुमच्या थीसिसमधलं ‘मेथड्स’चं प्रकरण रटाळ वाटत असेल, तर हे लक्षात ठेवा.

एक जोडपं, दोन जंगलं

हनिमूनच्या प्लॅनमध्ये जे जोडपं असायला हवं आणि सहसा नसतं, ते ओलोफ वेसबर्ग आणि कारेन मोगेन्सेन यांचं. तो स्वीडनचा, ती डेन्मार्कची. १९५५ मध्ये दोघं निकोया द्वीपकल्पावरच्या मोन्तेसुमाला येऊन राहिली, फळझाडं लावू लागली. द्वीपकल्पाच्या टोकावरचं जंगल डोळ्यांसमोर तुटताना पाहून ओलोफने परदेशातल्या संस्थांकडे पैशासाठी आवाहन केलं आणि सरकारदरबारी खेटे घातले. १९६३ मध्ये काबो ब्लांको हे राखीव क्षेत्र जाहीर झालं. सरकारी नावात ‘पूर्ण’ राखीव असं लिहिलेलं होतं आणि ते शब्दशः पाळलं गेलं : १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे पर्यटकांना प्रवेशच नव्हता.

आता गंमत बघा. राखीव झालं तेव्हा काबो ब्लांकोचा मोठा भाग शेती आणि कुरणांखाली होता. आज तिथे दिसणारं जंगल बरंचसं त्यानंतर उगवलेलं आहे.

१९७५ च्या जुलैमध्ये ओलोफ ओसा द्वीपकल्पावर गेला. तिथलं जंगल राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून त्याला पाहणी करायची होती. तिथेच त्याचा खून झाला. त्याच वर्षी काही महिन्यांनी कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. कारेन मोन्तेसुमालाच राहिली आणि १९९४ मध्ये मृत्यू होईपर्यंत जंगलासाठी काम करत राहिली.

कोर्कोवादोच्या सीमेआत आधीपासून माणसं होती. शेतकरी होते, आणि नंतर नद्यांत सोनं चाळणारे मोठ्या संख्येने शिरले. १९८६ मध्ये सरकारने सोनं चाळणाऱ्यांना बाहेर काढलं. त्यामुळे तिथलं ‘निर्मनुष्य’ जंगल ही एका प्रशासकीय निर्णयाची निष्पत्ती आहे. निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण त्याची किंमत कोणी तरी मोजली, आणि ती प्लॅनमध्ये लिहिलेली नसते.

हे सगळं दोन-चार वेड्या माणसांनीच केलं असंही नाही. १९६९ च्या वनकायद्याने उद्यानांचा विभाग तयार झाला. त्याचा प्रमुख मारिओ बोसा तेव्हा विशीतला होता आणि त्याचा मास्टर्सचा प्रबंध पोआस ज्वालामुखीचं उद्यान कसं चालवावं यावर होता. प्रबंध कपाटात न जाता जमिनीवर उतरल्याचं हे दुर्मिळ उदाहरण. मान्वेल आन्तोनिओ उद्यान १९७२ चं, म्हणजे त्याच लाटेतलं.

आकडा मिळाला की आधी व्याख्या विचारा

१९४० च्या दशकात कोस्टा रिकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. १९८० च्या दशकात तो एक-चतुर्थांशाच्या आसपास आला. आज पुन्हा निम्म्याहून जास्त आहे. पडझडीचं कारण मुख्यतः गोमांस : अमेरिकेची बाजारपेठ, कुरणांसाठी स्वस्त कर्जं, आणि जंगल तोडणं म्हणजे जमिनीत ‘सुधारणा’ करणं असं मानून मालकी देणारी पद्धत.

पण १९८० च्या दशकासाठीचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत जुळत नाहीत. का? ग्वानाकास्तेमधलं कोरडं जंगल उन्हाळ्यात पानं गाळतं. त्या महिन्यातल्या उपग्रह-प्रतिमेत ते कुरणासारखं दिसू शकतं. शिवाय नुकतं उगवलेलं रान, सागाची लागवड, सावलीतली कॉफी यांना जंगल म्हणायचं का? व्याख्या बदलली की टक्केवारी बदलते, एकही झाड न हलता.

दुसरा प्रश्न कारणाचा. लोकप्रिय गोष्ट अशी : १९९६ चा कायदा आला, जंगलजमिनीचा वापर बदलायला बंदी झाली, १९९७ पासून इंधनावरच्या कराच्या पैशातून जमीनमालकांना जंगल राखण्याचा मोबदला मिळू लागला, आणि जंगल परत आलं. यात तथ्य आहे, पण तारखा तपासा. गोमांसाचे भाव आणि देशाची पत १९८० च्या दशकातच कोसळली होती. ओस पडलेल्या कुरणांवर रान कायद्याच्या आधीच उगवू लागलं होतं. परिणाम कारणाच्या आधी येत नाही, हे आपण सगळे शिकलोय. कायद्याने आणि मोबदल्याने जे उगवलं ते टिकवायला मदत केली, असं म्हणणं जास्त नेमकं. १९९० च्या दशकात पर्यटनाने केळी आणि कॉफीला परकीय चलनात मागे टाकलं, तेव्हा उभ्या जंगलाला बाजारभावही मिळाला.

राखलेल्या जंगलातून गेलेला भेक

या इतिहासाची दुसरी बाजू मोन्तेवेर्देच्याच माथ्यावर आहे. तिथल्या काही चौरस किलोमीटरमध्ये आणि जगात इतरत्र कुठेही नाही असा एक सोनेरी भेक राहत असे. जे सॅव्हेज यांनी १९६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नर झगझगीत नारिंगी. वर्षातले काही आठवडेच ते डबक्यांपाशी विणीसाठी जमत. १९८७ मध्ये मार्था क्रंप यांना असे दीड हजारांहून जास्त भेक दिसले. १९८८ मध्ये जेमतेम दहा. १९८९ मध्ये एक नर. त्यानंतर कोणालाच नाही. २००४ मध्ये तो नामशेष ठरला.

आणि हे घडलं राखीव क्षेत्रात. तिथे कोणी झाड तोडलं नव्हतं, कोणी जाळं टाकलं नव्हतं. १९९९ मध्ये ॲलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी तापमानवाढीमुळे ढगांचा थर वर सरकतोय आणि डोंगर कोरडा पडतोय, असं मांडलं. दुसरीकडे उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचे पुरावे वाढत गेले. २०१० मध्ये झाडांच्या रसायनातून जुना दमटपणा मोजणाऱ्या एका अभ्यासाने सांगितलं, की दीर्घकालीन कोरडेपणाचा कल दिसत नाही, पण १९८६-८७ च्या एल निनोचा कोरडा काळ मात्र तीव्र होता. संशोधनाला लागण्याआधी हे तीन युक्तिवाद शेजारी ठेवून वाचा. तिघांकडे पुरावा आहे, प्रत्येकाचा काळाचा पट्टा वेगळा आहे, आणि प्रयोग पुन्हा करता येत नाही, कारण प्राणीच उरलेला नाही.

मग ‘अस्पर्श’चं काय करायचं?

माझा आक्षेप जाहिरातीच्या भडकपणाला नाही. हा शब्द आपल्याला दोन्हीकडून फसवतो. कुरणावर पुन्हा जंगल उभं राहू शकतं ही आशा तो झाकतो, कारण अस्पर्श गोष्ट एकदा गेली की गेली असं वाटतं. आणि नुसतं कुंपण घालून सगळं वाचत नाही हे नुकसानही तो झाकतो. संशोधनात असे शब्द खूप भेटतात : ‘नैसर्गिक’, ‘मूळ’, ‘पारंपरिक’. असा शब्द दिसला की पेन्सिलीने समोर लिहा : कधीपासून? कोणी? कोणाच्या खर्चाने?

खरंच जाणार असाल तर प्लॅनमध्ये थोडे बदल करता येतात. मोन्तेवेर्दे चौदाशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा समुद्रकिनाऱ्याचे कपडे घेऊन तिथे कुडकुडू नका. कोर्कोवादोत परवानाधारक गाईडशिवाय प्रवेश नाही. तो बहुधा आसपासच्याच गावातला असतो, म्हणून पक्ष्यांच्या नावांबरोबर त्याला सोनं चाळणाऱ्यांबद्दलही विचारा. आरेनालला ताबाकोनच्या गरम कुंडांत उतरलात, तर त्याच नावाचं गाव १९६८ च्या स्फोटात नष्ट झालं होतं, हे ठाऊक असू द्या. आणि एक दिवस काढून काबो ब्लांकोला जा. तिथल्या वाटेवर जंगल उभं आहे ते एका जोडप्याने हट्ट धरला म्हणून, आणि त्यातली बरीच झाडं १९६३ नंतरची आहेत.