मंगळावरची अडगळ

घर लहान असो वा मोठे, त्यात अडगळीसाठी एखादा कोपरा असतोच. लग्नकार्यात उरलेल्या पत्रिका, पाहुण्यांसाठी शेजारून आणलेल्या आणि मग परत न गेलेल्या सतरंज्या, फुटक्या कंदिलाची काच असे सारे तिथे जमत जाते. यांतली प्रत्येक वस्तू घरात आली तेव्हा 'दोन दिवसांपुरती' म्हणूनच आलेली असते. ती कुणी आणली हे सर्वांना ठाऊक असते; ती बाहेर काढण्याचे काम मात्र कुणाच्याच वाट्याला दिलेले नसते. संगणक हे माणसानेच घडवलेले यंत्र. तेव्हा त्याच्यातही असा एक कोपरा असावा, यात नवल नाही. काम चालू असताना संगणक स्वतःच्या सोयीसाठी तात्पुरत्या फाईली तयार करतो. काम आटोपल्यावर त्या पुसल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातून ती शेवटची पायरी राहून गेली, किंवा अपुरी राहिली, तर त्या मागे उरतात, साठत जातात आणि एके दिवशी चालते यंत्र अडते. घरी वा कचेरीत असे झाले तर जाणकाराला बोलावून आणता येते. २००४ सालच्या जानेवारीत मात्र ही गोष्ट मंगळ ग्रहावर घडली, आणि तिथे केरसुणी घेऊन जाणारे कुणी नव्हते.

अमेरिकेच्या नासा या अवकाशसंस्थेने २००३ साली 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' ही दोन जुळी फिरती याने मंगळाकडे धाडली. दोहोंचा मिळून खर्च ८० कोटी डॉलरांहून अधिक होता. यांपैकी स्पिरिट १० जून २००३ रोजी केप कॅनाव्हरल येथून निघाले आणि जवळजवळ सात महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जानेवारी २००४ रोजी, भारतात सकाळचे दहा वाजून गेलेले असताना, गुसेव्ह नावाच्या विवरात उतरले. हे विवर सुमारे १६० किलोमीटर रुंद आहे, आणि प्राचीन काळी तेथे सरोवर असावे असा शास्त्रज्ञांचा तर्क होता. त्या पाण्याची खूण खडकांत शोधणे हे यानाचे काम. त्याला सहा चाके होती, सूर्यप्रकाशापासून वीज मिळवणारे तक्ते होते, आणि खडकाचा पृष्ठभाग घासून काढणारे एक अवजार होते. मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. असे ९० दिवस यानाने काम केले की मोहीम सफल झाली, असे ठरलेले होते.

पहिले अडीच आठवडे सारे यथासांग चालले. यान 'ॲडिरॉन्डॅक' असे नाव दिलेल्या एका खडकापाशी जाऊन उभे राहिले. २१ जानेवारी हा त्याचा मंगळावरील अठरावा दिवस. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतून नेहमीप्रमाणे आज्ञा गेल्या. आज्ञा मिळाल्याची साधी पोचही यानाकडून आली. पण त्यानंतर जी माहिती यायची, ती आली नाही. संदेशांची ने-आण त्या वेळी ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या केंद्रामार्फत होत होती आणि तिथे वादळी पाऊस कोसळत होता. तेव्हा दोष आभाळाचा असावा, असे आरंभी सर्वांना वाटले. पाऊस ओसरला, तरी यान बोलेना. कधी नुसता सूर ऐकू येई, कधी अर्थहीन आकड्यांची रांग येई.

२३ जानेवारीला यानाकडून थोडी माहिती मिळाली. आरंभी ती सेकंदाला १० बिट इतक्या संथ गतीने आली, म्हणजे जुन्या टेलिप्रिंटरहूनही मंद. नंतर हा वेग १२० बिटांवर गेला. एवढ्याशा मजकुरातून जे कळले ते काळजी वाढवणारेच होते. यानावरचा संगणक सुरू होत होता, काही वेळाने आपोआप बंद पडत होता आणि पुन्हा सुरू होत होता. असे साठाहून अधिक वेळा झाले होते. शिवाय रात्री वीज वाचवण्यासाठी यानाने झोपी जावे अशी योजना असताना ते जागेच राहत होते, त्यामुळे त्याची बॅटरी खालावत चालली होती. मंगळावरची रात्र शून्याखाली कित्येक अंश उतरते. बॅटरी संपलेल्या यानाला तशा थंडीत फार दिवसांची आशा नव्हती. प्रयोगशाळेपासून मंगळापर्यंत संदेश जायला त्या वेळी दहा मिनिटांच्या आसपास लागत. प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी वीस मिनिटे थांबावे, अशा रीतीने या आजाऱ्याचे निदान करायचे होते.

निदान समजण्यासाठी यानाच्या स्मरणशक्तीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. तिचे दोन मुख्य भाग होते. एक काम करतानाची मेमरी, १२८ मेगाबाइटची. पाटीवर लिहावे तसे तिचे स्वरूप. वीज गेली की पाटी कोरी. दुसरी फ्लॅश मेमरी, २५६ मेगाबाइटची. ती वहीसारखी, वीज नसली तरी लिहिलेले टिकते. दिवसभर काढलेली छायाचित्रे आणि घेतलेली मापे यान या वहीत फाईलींच्या रूपाने ठेवी, आणि संधी मिळताच पृथ्वीकडे पाठवी. पाठवून झालेली फाईल पुसली जाई. व्यवस्था सरळ होती. दोष फाईलींत नव्हता. फाईलींची जी यादी ठेवली जाई, तिच्यात होता.

ही यादी ठेवण्याची रीत 'डॉस' या प्रणालीची होती. आयबीएम कंपनीचा टेबलावर मावणारा संगणक १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्याबरोबर ही रीत घरोघरी आणि कचेऱ्यांतून पसरली. तिच्यात एखादी फाईल पुसली की यादीतील तिची ओळ नाहीशी होत नाही. नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण होते, एवढेच. जुन्या काळी गावच्या दप्तरात मयत इसमाच्या नावावर रेघ मारीत. पान मात्र फाडीत नसत. तसाच हा प्रकार. पुढे नवी फाईल आली तर ती रिकामी ओळ तिला मिळते, परंतु यादी एकदा लांबली की ती आपण होऊन आखूड होत नाही. आज किती फाईली आहेत यावर तिची लांबी अवलंबून नसते. एका वेळी जास्तीत जास्त किती होऊन गेल्या, यावर असते. टेबलावरच्या संगणकाला याचा उपद्रव क्वचितच होई. पण स्पिरिटवरील आज्ञावली ही सबंध यादी वहीतून उचलून पाटीवर उतरवून घेत असे. यादी जितकी लांब, तितकी पाटी अपुरी.

आता अडगळीकडे वळावे. सात महिन्यांच्या प्रवासात यानाने पुष्कळ फाईली तयार केल्या होत्या. उड्डाणाच्या वेळी त्याच्यावर जी आज्ञावली होती, तिच्या जागी प्रवासातच नवी आज्ञावली पाठवण्यात आली; जुनीच्या फाईली आणि त्यांचे कप्पे मात्र तसेच राहिले. मंगळावर उतरल्यावर त्यांचा काही उपयोग उरला नव्हता. तरीही वहीत त्यांची जागा होती आणि यादीत त्यांच्या ओळी होत्या. मेमरीचा हिशोब मांडताना या जुन्या कप्प्यांचा विचारच झालेला नव्हता. त्यातच रोजच्या नव्या फाईलींची भर पडत होती.

जुन्या सामानाची ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती असे मात्र नव्हे. ते पुसून टाकणारी एक लहानशी आज्ञावली पंधराव्या दिवशी यानाकडे पाठवण्यात आली होती. ती दोन भागांत गेली आणि संदेशवहनातील अडचणीमुळे एकच भाग पोचला. तेव्हा राहिलेला भाग पुन्हा पाठवायचे ठरले, तो एकोणिसाव्या दिवशी. यान बंद पडले ते अठराव्या दिवशी. सफाई करायला हवी हे कळलेले होते. ती आजच करायला हवी हे कळलेले नव्हते.

त्या दिवशी यादी इतकी वाढली की ती उतरवून घेण्यास पाटीवर जागा उरली नाही. काम अडले. अडलेल्या कामाला यंत्राचा ठरलेला उपाय म्हणजे सारे बंद करून नव्याने आरंभ करणे. हा उपाय एरवी गुणकारी असतो, कारण पाटी कोरी होते. पण येथे रोगाचे मूळ वहीत होते. संगणक सुरू झाला की पहिल्यांदा वही उघडे, यादी उतरवू लागे, जागा संपे, आणि तो पुन्हा बंद पडे. यान नादुरुस्त नव्हते; चाके, कॅमेरे, तक्ते सर्व धड होते. त्याने जपून ठेवलेल्या निरुपयोगी नोंदीच त्याला उठू देत नव्हत्या.

सुदैवाने यानाच्या रचनाकारांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. वहीला हात न लावता, केवळ पाटीच्या भरवशावर संगणक सुरू करावा, अशी एक स्वतंत्र आज्ञा त्यांनी योजली होती. 'पांगळा आरंभ' अशा अर्थाचे नाव तिला होते. संशय फ्लॅश मेमरीवर येताच २४ जानेवारी रोजी ती आज्ञा धाडण्यात आली. संगणक सुरू झाला आणि सुरू राहिला. यान विसराळू झाले होते, रात्री झोपले की दिवसाचे सारे विसरे. पण ते शुद्धीवर होते आणि सांगितलेले ऐकत होते. पॅसाडीनाच्या घड्याळाप्रमाणे त्याच रात्री जुळे यान ऑपॉर्च्युनिटी मंगळाच्या दुसऱ्या बाजूस सुखरूप उतरले. त्याच्यावरही हीच आज्ञावली होती. थोरल्याच्या आजाराचे कारण सापडल्यामुळे धाकट्याचे पथ्य आरंभापासून सांभाळता आले.

पुढचे दिवस सफाईचे होते. प्रवासातील शेकडो जुन्या फाईली एकेक करून पुसण्यात आल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी तेवढे उतरवून घेऊन सबंध फ्लॅश मेमरी कोरी करण्यात आली आणि यादी नव्याने सुरू झाली. त्यानंतर लगेच स्पिरिटने, ज्याच्यापाशी ते मुके होऊन उभे राहिले होते, त्याच ॲडिरॉन्डॅक खडकाला आपले अवजार लावले. मंगळावरील खडक माणसाच्या यंत्राने घासून उघडा केला, तो हा पहिलाच प्रसंग.

९० दिवसांसाठी गेलेले हे यान सहा वर्षांहून अधिक काळ टिकले. २००६ साली त्याचे पुढचे एक चाक कायमचे अडले. ते चाक फरफटत नेत यान मागे-मागे चालत राहिले, आणि २००७ साली त्याच चाकाने उकरलेल्या मातीत जवळजवळ शुद्ध सिलिका सापडली. अशी सिलिका उष्णोदकाच्या किंवा वाफेच्या सान्निध्यात निर्माण होते. ज्या पाण्याच्या शोधासाठी यान गेले होते, त्याची ही मोठी साक्ष. एका वाळूच्या पट्ट्यात रुतल्यावर त्याचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला. तोवर ते साडेसात किलोमीटरांहून अधिक चालले होते. अठराव्या दिवशीच ते संपले असते, तर यातले काहीच हाती लागले नसते.

या मोहिमेत उल्का आदळण्याची, छत्री न उघडण्याची, धुळीच्या वादळांची अशा मोठमोठ्या संकटांची चिंता वाहिली गेली होती आणि त्यांवर मातही झाली. यान जवळजवळ गमावले ते पुसलेल्या नावांच्या एका यादीपायी. आज लहानथोर प्रत्येकाच्या खिशात स्पिरिटहून कितीतरी अधिक मेमरी असलेले यंत्र असते, आणि 'जागा अपुरी आहे' ही तक्रार त्यातूनही अधूनमधून उमटते. जागा वाढवून ती तक्रार काही काळ थांबते. तात्पुरती वस्तू निर्माण करतानाच ती कुणी आणि केव्हा काढायची हे ज्याने लिहून ठेवले, त्याच्या यंत्रावर ती वेळ सहसा येत नाही. गुसेव्ह विवरात ते लिहून ठेवलेले नव्हते. पण सारे अडले तर अडगळीची खोली न उघडता घर कसे चालवावे, एवढे मात्र कुणी तरी लिहून ठेवले होते, आणि त्यावरच ते यान पुन्हा उभे राहिले.