नाव कोणाची?

गनेसरेत सरोवराच्या काठी दोन मचवे लागलेले होते. ज्या मचव्यात बसून प्रभू येशूने लोकसमुदायाला उपदेश केला, तो शिमोनाचा होता, हे सांगावयास संत लूक विसरत नाही. त्याच सरोवराचे पाणी ओसरले असता १९८६ साली पहिल्या शतकाच्या सुमाराची एक लाकडी नौका चिखलात सापडली. सुमारे आठ मीटर लांबीची ही नौका आज काळजीपूर्वक जपली आहे. परंतु तिचा मालक कोण, हे कोणालाही ठाऊक नाही. लाकूड टिकले, नोंद टिकली नाही.

दिग्रसच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटरवर आहे. परंतु अरुणावतीचे धरण आपल्या दाराशी आहे, आणि वऱ्हाडातील नद्यांवर डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. तेव्हा नौकांच्या नोंदींचा इतिहास आपलाही आहे. त्याचा आरंभ मात्र समुद्रावर झाला.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. जहाज कोणाचे, तांडेल कोण, माल कोणता, जाणार कोठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसलेले जहाज जप्त होई. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक चालविले. कागद ज्याचा, समुद्र त्याचा, असा तो न्याय होता.

या कागदाची किंमत किती होती, हे १६१३ साली दिसून आले. बादशहा जहांगीरच्या मातोश्रींचे ‘रहिमी’ हे जहाज हजच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेजवळ आले असता पोर्तुगीजांनी ते पकडले. जहाजावर कार्ताझ होते, तरीही पकडले. संतप्त बादशहाने दमणला वेढा घालविला आणि आग्ऱ्यातील येशूसंघीयांचे मंदिर बंद करविले. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेने दिलेला शब्द मोडला आणि त्याचा दंड निरपराध धर्मगुरूंनी व भाविकांनी भोगला. हे पान आपल्या इतिहासातून वगळून चालणार नाही.

इंग्रजी अमलात १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी गलबतांना व मासेमारीच्या होड्यांना नोंदणी लागू झाली. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने जहाजाच्या मालकीचे दहा हिस्से कल्पिले आणि कोणाचा हिस्सा किती, हे नोंदवहीत लिहिण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी अमेरिकेने मौजेखातर वापरल्या जाणाऱ्या यांत्रिक बोटींनाही क्रमांक देण्याचा संघीय कायदा केला. तेथे पाच टनांहून मोठी बोट मालकाची इच्छा असल्यास तटरक्षक दलाकडे नोंदविता येते. मग तिची खरेदीखते व गहाणखते एकाच दप्तरात मिळतात आणि घेणारा फसत नाही. राजाच्या महसुलासाठी जन्मलेली नोंद अशा रीतीने सामान्य माणसाच्या संरक्षणास आली.

नदीवरच्या गरीब नावाड्यापर्यंत मात्र ती फार उशिरा पोहोचली. अंतर्गत जलमार्गांसाठी केलेल्या १९१७ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या बोटींचाच विचार केला. वल्ह्यांचा डोंगा शंभर वर्षे त्याच्या दृष्टीबाहेर राहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने नवा अंतर्देशीय जलयान कायदा संमत केला. त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी व तपासणी, तसेच देशभराच्या नोंदी एकत्र ठेवण्याची तरतूद आहे. बिनयंत्राच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका वा ग्रामपंचायतीच्या पातळीवर करण्याची वाटही त्याने मोकळी केली.

पुढच्याच महिन्यात, १४ सप्टेंबर रोजी, आपल्याच अमरावती धर्मप्रांतातील वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले. दशक्रियेसाठी एकत्र आलेले ते आप्तजन होते. एका मृत्यूच्या शोकात अकरा मृत्यूंची भर पडली. कागदाने नाव तरंगत नाही, हे खरे. परंतु नोंद करावयाची म्हटली की कोणीतरी नाव तपासतो, किती माणसे बसवावीत हे ठरवितो, आणि उत्तर कोणी द्यावयाचे हेही लिहून ठेवितो.

आपल्या धर्मग्रामात आम्ही बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही जपतो. माणूस कोणाचा, हे त्यात लिहिलेले असते. त्याच्या आधारे पुढे कित्येकांचे हक्क सिद्ध होतात. ज्या नावेवर भोई बांधवांचे पोट चालते आणि जिच्यावर विश्वासून लेकरे पैलतीरी जातात, तिलाही अशी एक ओळ लाभावी. जलाशयावर वा नदीवर ज्यांची नाव आहे, त्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. विकली किंवा वारसाने आली, तर लेखी कागद करून ठेवावा. आणि नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाने विचारावे : नाव कोणाची, आणि माणसे किती?